तुळशीला दोनदा नाव देणारा डॉक्टर

औषधाच्या दुकानात तुळशीच्या अर्काच्या दोन बाटल्या घेतल्या, तर एकीवर बारीक अक्षरांत 'ऑसिमम सँक्टम' आणि दुसरीवर 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' असे छापलेले आढळू शकते. या दोन वेगळ्या वनस्पती असाव्यात, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही नावे आपल्या वृंदावनातल्या तुळशीचीच आहेत आणि दोन्ही एकाच माणसाने दिलेली आहेत. त्याने पहिल्यांदा १७५३ मध्ये 'टेन्युइफ्लोरम' हे नाव दिले आणि १४ वर्षांनी, १७६७ मध्ये, त्याच वनस्पतीला 'सँक्टम' असे दुसरे नाव देऊन टाकले. हा माणूस भारतात कधीही आला नव्हता. तो स्वीडनचा होता, पेशाने डॉक्टर होता आणि त्याचे नाव कार्ल लिनियस. आज प्रयोगशाळेच्या अहवालातल्या जंतूपासून डेंगीच्या डासापर्यंत आणि आंब्यापासून नागापर्यंत प्रत्येक सजीवाला जे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव असते, ती पद्धत त्याने रूढ केली.

कार्लचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट या खेड्यात झाला. त्या काळी तिथल्या शेतकरी घरांत आडनावे नसत, मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावले की काम भागे. कार्लचे वडील निल्स विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा नाव नोंदवायला आडनाव लागले. घराण्याच्या जमिनीवर लिंडन जातीचा एक मोठा जुना वृक्ष होता, त्यावरून त्यांनी 'लिनियस' हे आडनाव घेतले. निल्स धर्मोपदेशक होते आणि त्यांना बागेचे वेड होते. छोट्या कार्लला ते झाडांची नावे सांगत आणि पुढच्या वेळी तो विसरला तर रागवत.

मुलाने आपल्यामागे धर्मोपदेशक व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. पण व्हेक्शो गावच्या शाळेत कार्लचे लक्ष धर्मशास्त्रात लागेना. तो रानात भटके, पाने-फुले गोळा करी. हा मुलगा धर्मकार्याच्या उपयोगाचा नाही, असे शिक्षकांनी वडिलांच्या कानावर घातले. तेव्हा त्याच शाळेत शिकवणारे डॉक्टर योहान रोथमन मध्ये पडले. मुलाला वैद्यकाला घाला, असे त्यांनी सुचवले आणि स्वतः त्याला शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकवले. या दोन विषयांची जोडी तेव्हा स्वाभाविक होती. बहुतेक औषधे झाडपाल्याचीच असल्याने वनस्पती ओळखता येणे हा डॉक्टरकीचा पाया होता. चुकीचे झाड उचलले, तर रोगी दगावण्याचा धोका होता.

१७२७ मध्ये कार्ल लुंड विद्यापीठात दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्या परिसरात वनस्पती गोळा करताना त्याला काहीतरी चावले आणि तो इतका आजारी पडला की जिवावर बेतले. आकाशातून पडणारा, अंगात शिरणारा एक भयंकर किडा आपल्याला चावला, अशी त्याची खात्री झाली. पुढे त्याने या किड्याला 'फ्युरिया इन्फर्नालिस' असे नाव देऊन आपल्या ग्रंथात जागाही दिली. असा किडा अस्तित्वातच नाही. ज्याने हजारो जिवांची नोंद केली, त्याच्या नोंदवहीत भीतीतून जन्मलेला हा एक जीवही होता.

लुंडहून तो उपसाला विद्यापीठात गेला. खिशात पैसे नव्हते. तिथे ओलोफ सेल्सियस या विद्वान प्राध्यापकांनी त्याला आसरा दिला. तिथेच त्याला पेटर आर्टेडी हा जिवाभावाचा मित्र भेटला. दोघांनी निसर्ग जणू वाटून घेतला: आर्टेडीकडे मासे, कार्लकडे झाडे. दोघांपैकी जो आधी जाईल त्याचे अपुरे काम दुसऱ्याने पूर्ण करायचे, असेही ठरले. १७३५ मध्ये आर्टेडी ॲमस्टरडॅमच्या कालव्यात पडून बुडाला. लिनियसने त्याचे कागद सोडवून घेतले आणि १७३८ मध्ये त्याचा माशांवरचा ग्रंथ छापून शब्द पाळला.

विद्यार्थी असतानाच लिनियसच्या डोक्यात वनस्पती लावण्याची एक नवी पद्धत आकार घेत होती. फुलातले पुंकेसर मोजायचे आणि त्यावरून वनस्पतीचा वर्ग ठरवायचा. असे २४ वर्ग त्याने केले. प्रत्येक वर्गाचे पोटविभाग बहुतांशी स्त्रीकेसरांच्या संख्येवरून पाडले. नवशिक्यालाही भिंग घेऊन मोजता येईल, इतकी ही रीत सोपी होती. पण फुलांमधले नर-मादी भाग म्हणजे नवरा-बायको अशा भाषेत तो लिहीत असे आणि एका फुलात एक स्त्रीकेसर व अनेक पुंकेसर असले की वाचणारे बिचकत. सेंट पीटर्सबर्गच्या योहान सीगेसबेक या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर देवाने अशी अनीती निर्माण केलीच नसती, अशा अर्थाची कडक टीका केली. लिनियसने दिलेले 'सिगेसबेकिया' हे एका चिकट, क्षुल्लक रानगवताचे नाव आजही शास्त्रात कायम आहे.

१७३२ मध्ये उपसालाच्या विज्ञानसंस्थेने दिलेल्या तुटपुंज्या पैशांवर तो उत्तरेकडच्या लॅपलँडमध्ये जाऊन आला. त्यानंतर लग्नाचा प्रश्न आला. फालुन गावचे डॉक्टर मोरेयस यांची मुलगी सारा एलिसाबेथ त्याला पसंत होती. आधी वैद्यकाची पदवी आणा, असा वडिलांचा आग्रह होता. ही पदवी घेण्यासाठी स्वीडिश विद्यार्थी हॉलंडला जात. १७३५ मध्ये लिनियस निघाला. वाटेत हॅम्बुर्गमध्ये सात तोंडांचा एक पेंढा भरलेला राक्षसी प्राणी विक्रीला होता आणि त्याची किंमतही राक्षसी होती. लिनियसने तो नीट पाहिला. मुंगसासारख्या प्राण्याचे जबडे आणि सापाची कातडी एकत्र डकवून तो बनवला होता. हे त्याने जाहीर केल्यावर मालकांचा रोष ओढवू नये म्हणून त्याला घाईने शहर सोडावे लागले.

हॉलंडमध्ये हार्डरवाइक विद्यापीठात त्याला दोन आठवड्यांच्या आत पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता थंडी वाजून येणारा ताप, म्हणजे आपला हिवताप. चिकणमातीच्या प्रदेशात हा ताप जास्त दिसतो, तेव्हा मातीचे कण पाण्यावाटे शरीरात जाऊन ताप आणत असावेत, असा त्याचा तर्क होता. हिवतापाची जागा त्याने बरोबर हेरली आणि कारण चुकीचे ठरवले. त्या तापावरचे औषध ज्या झाडाच्या सालीतून येई, त्याला 'सिंकोना' हे शास्त्रीय नावही पुढे त्यानेच दिले. ज्या चिंचोनच्या सरदारपत्नीवरून ते दिले, तिच्या नावातला 'ह' हा वर्ण मात्र लिहिताना सुटला. ती चूक नियमाप्रमाणे आजवर तशीच आहे.

त्याच वर्षी लायडनमध्ये त्याचा 'सिस्टेमा नातुरे' हा ग्रंथ छापला गेला. भल्या मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने, पण त्यांत प्राणी, वनस्पती आणि खनिजे या तिन्हींची मांडणी होती. डच ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक जॉर्ज क्लिफर्ड यांनी त्याला आपल्या हार्टेकांपच्या बागेवर नेमले. उबदार काचघरात लिनियसने केळीला फूल आणून दाखवले, तेव्हा युरोपात त्याची चर्चा झाली.

हॉलंडमध्ये भारतीय वनस्पतींचा एक मोठा खजिनाही त्यांच्या हाती लागला. कोचीचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी करवून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला होता. त्यातली माहिती केरळचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी पुरवली होती. या तिघांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियस यांनी आपल्या ग्रंथांत या चित्रांचा वारंवार आधार घेतला. त्यांनी भारतीय झाडांना दिलेल्या नावांमागे म्हणूनच अनेकदा इथल्या वैद्यांचे पिढीजात ज्ञान उभे आहे. लोकभाषेतली नावे त्यांना आवडत नसत, तरी काही टिकली. खोकल्याच्या काढ्यातला अडुळसा त्यांच्या ग्रंथात 'जस्टिशिया अधातोडा' झाला आणि त्यातला 'अधातोडा' हा शब्द दक्षिणेकडच्या बोलीतला आहे.

१७३८ मध्ये स्वीडनला परतल्यावर लिनियस यांनी स्टॉकहोममध्ये दवाखाना थाटला. परक्या, नवख्या डॉक्टरकडे सुरुवातीला कोणी फिरकेना. परम्यासारखे गुप्तरोग झालेले, लाजेने डॉक्टर टाळणारे तरुण त्यांनी बरे केले आणि गर्दी वाढली. मग नौदलाचे डॉक्टर म्हणून नेमणूक झाली, नव्या स्वीडिश विज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्षपद मिळाले आणि १७३९ मध्ये सारा एलिसाबेथशी लग्न झाले. १७४१ मध्ये ते उपसाला विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

शनिवारी ते विद्यार्थ्यांना घेऊन रानात जात. कधी कधी दोनशेच्या वर मंडळी असत. दिवसभर झाडे, किडे, दगड गोळा करायचे आणि संध्याकाळी ढोल-शिंगे वाजवत गावात परतायचे. विद्यापीठातल्या काही गंभीर मंडळींना हा गोंधळ खपत नसे.

एवढ्या विद्यार्थ्यांना शिकवताना नावांची अडचण रोज समोर येई. तोवर वनस्पतीचे नाव म्हणजे तिचे वर्णन असे. टोमॅटोचे नाव काय, तर काटे नसलेल्या मऊ खोडाचे, पिसासारखी विभागलेली व कातरलेली पाने असलेले 'सोलॅनम'. नवी जवळची जात सापडली की वर्णन आणखी लांबे. शिवाय प्रत्येक ग्रंथकार आपापले वर्णन करी. एकाच झाडाला दहा नावे आणि एकाच नावाखाली चार झाडे, अशी स्थिती होती. औषधी वनस्पती मागवणाऱ्या डॉक्टरला हातात काय येईल, याची खात्री नसे.

१७५३ मध्ये लिनियस यांनी 'स्पीसीज प्लांटारम' हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. सुमारे ५,९०० वनस्पतींची नोंद असलेल्या या ग्रंथात लांबलचक वर्णन होतेच, पण समासात प्रत्येक जातीसाठी एक सुटा शब्दही छापलेला होता. प्रजातीचे नाव आणि हा शब्द मिळून दोन शब्दांत काम भागू लागले. टोमॅटो झाला 'सोलॅनम लायकोपर्सिकम', आंबा 'मँजिफेरा इंडिका', पिंपळ 'फायकस रिलिजिओसा'. आपल्याकडच्या आडनाव-नावासारखीच ही रीत आहे. आडनावावरून घराणे कळते, नावावरून माणूस. हे सुटे शब्द लिनियस यांच्या दृष्टीने सोयीपुरते होते. त्यांना अभिमान होता तो पुंकेसर मोजण्याच्या पद्धतीचा. काळाने निकाल उलटा दिला. पुंकेसरांची पद्धत शे-सव्वाशे वर्षांत मागे पडली, कारण केवळ संख्या सारखी म्हणून नाते सारखे नसते. दोन शब्दांची नावे मात्र राहिली.

जगभरच्या वनस्पती आणण्यासाठी त्यांनी १७ विद्यार्थ्यांना दूरदेशी पाठवले. याची किंमत मोठी होती. चीनकडे निघालेले ताऱ्नस्ट्रोम १७४६ मध्ये वाटेतच वारले. आपल्या मुलांना पोरके केल्याचा दोष त्यांच्या पत्नीने लिनियस यांना दिला. त्यानंतर त्यांनी अविवाहित तरुणच पाठवले. इजिप्त आणि पॅलेस्टाइन हिंडलेले हॅसलक्विस्ट १७५२ मध्ये तुर्कस्तानात, लोफलिंग १७५६ मध्ये व्हेनेझुएलात आणि फोर्सकोल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावले. हॅसलक्विस्ट यांचे कागद लिनियस यांनी मिळवून छापले. डेंगी पसरवणाऱ्या 'एडिस इजिप्ती' या डासाच्या नावातला दुसरा शब्द त्याच प्रवासाच्या नोंदींतून आलेला आहे. त्यांचे आणखी एक विद्यार्थी, डॉक्टर योहान कोनिग, १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत आले आणि १७८५ मध्ये भारतातच वारले. रोजच्या फोडणीतल्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात 'कोनिगाय' हा शब्द आहे, तो या डॉक्टरांच्या नावावरून.

प्राण्यांना दोन शब्दांची नावे मिळाली ती १७५८ मध्ये, 'सिस्टेमा नातुरे'च्या दहाव्या आवृत्तीत. याच आवृत्तीत देवमासा माशांतून बाहेर पडून माणूस, गाय, वटवाघूळ यांच्या वर्गात आला. या वर्गाला आधी चतुष्पाद म्हणत. लिनियस यांनी पिलांना दूध पाजण्याच्या खुणेवरून त्याला 'मॅमेलिया' म्हणजे सस्तन हे नाव दिले. या निवडीमागे त्यांच्यातला डॉक्टरही असावा. त्या काळी युरोपातल्या सुखवस्तू घरांत तान्ही मुले दाईच्या दुधावर वाढवत. १७५२ मध्ये लिनियस यांच्या देखरेखीखाली या प्रथेविरुद्ध एक प्रबंध निघाला होता आणि आईने स्वतःचे दूध पाजावे, असा त्याचा आग्रह होता. स्वतः लिनियस यांच्या सात मुलांपैकी दोन लहानपणीच गेली होती.

याच ग्रंथात 'होमो सेपियन्स' हे नाव आले. माणसाला माकडांशेजारी बसवण्याचे धाडस त्यांनी १७३५ मध्येच केले होते आणि त्यासाठी धर्ममार्तंडांची टीकाही सोसली होती. पण माणसाचे खंड आणि रंगानुसार चार प्रकार पाडून ते थांबले नाहीत. १७५८ मध्ये त्यांनी प्रत्येक प्रकारापुढे स्वभावही लिहिला. युरोपीय माणूस हुशार आणि कायद्याने चालणारा, आशियाई गर्विष्ठ आणि लोभी, आफ्रिकी आळशी आणि लहरी, अशा अर्थाचे ते वर्णन होते. त्यांनी आशिया किंवा आफ्रिका पाहिलीही नव्हती. फुलातले पुंकेसर त्यांनी भिंगातून मोजले होते. इथे मात्र ऐकीव पूर्वग्रह निरीक्षणाच्या रकान्यात उतरले. पुढे गुलामगिरी आणि वंशश्रेष्ठत्वाच्या समर्थकांनी अशा वर्गवारीला विज्ञानाचा मुलामा दिला. आजचे जनुकशास्त्र माणसांचे असे वेगळे कप्पे मानत नाही, पण त्या कप्प्यांचे दुष्परिणाम अजून संपलेले नाहीत. वर्गीकरणात खूण कोणती निवडली आणि ती कोणी तपासली, हे विचारणे का गरजेचे आहे, याचा हा सर्वांत कडू धडा.

१७६१ मध्ये लिनियस यांना सरदारकी मिळाली आणि ते फॉन लिने झाले. संधिवाताच्या दुखण्यावर रानटी स्ट्रॉबेरी खाऊन आपण बरे झालो, असे ते सांगत. पण १७७४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १७७६ मध्ये दुसरा. उजवी बाजू लुळी पडली, स्मृती गेली. स्वतःची पुस्तके समोर धरली की ती त्यांना आवडत, पण ती आपणच लिहिली आहेत हे त्यांना उमगत नसे. १० जानेवारी १७७८ रोजी उपसालात त्यांचे निधन झाले. काही वर्षांत मुलगाही गेला. तेव्हा त्यांच्या पत्नीने पुस्तके आणि वाळवून ठेवलेल्या वनस्पती-प्राण्यांचा सगळा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाला विकला. स्मिथने १७८८ मध्ये लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन केली आणि तो संग्रह आजही तिथे जपलेला आहे. सजीवांच्या जाती देवाने घडवल्या तशाच कायम आहेत, असे लिनियस बहुतेक आयुष्यभर मानत आले. त्यांच्याच नावाच्या या संस्थेत १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे जाती बदलत जातात हे सांगणारे निबंध वाचले गेले.

लिनियस यांच्या चुका टिकल्या नाहीत आणि नावे टिकली, कारण नावांना दुरुस्तीचे नियम मिळाले. वनस्पतींसाठी १७५३ आणि प्राण्यांसाठी १७५८ हा आरंभ मानला जातो. एकाच जिवाला दोन नावे असतील, तर आधीचे ग्राह्य. म्हणून तुळस आज 'टेन्युइफ्लोरम' आहे, 'सँक्टम' हे नाव वेष्टनांवर सवयीने राहिले आहे. टोमॅटो १८ व्या शतकातच 'सोलॅनम'मधून काढून वेगळा केला गेला होता. डीएनए तपासल्यावर तो बटाट्याचा सख्खा नातलग ठरला आणि लिनियस यांनी दिलेले नावच परत आले.

आजवर सुमारे २० लाख जातींना नावे मिळाली आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक बाकी आहेत. हा हिशेब शास्त्रज्ञांपुरताच नाही. 'ब्राह्मी' या एका शब्दावर महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी गोल पानांची मंडूकपर्णी मिळते, तर केरळात त्याच नावाने बारीक मांसल पानांची दुसरीच वनस्पती. पहिलीचे शास्त्रीय नाव 'सेंटेला एशियाटिका', दुसरीचे 'बाकोपा मोनिएरी'. दोघींतली द्रव्ये वेगळी, त्यामुळे एकीवर झालेल्या संशोधनाचा दाखला दुसरीला चालत नाही. वनौषधी घेताना वेष्टनावरच्या त्या दोन बारीक लॅटिन शब्दांकडे नजर टाकावी आणि शंका असेल तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना ते दाखवावेत. बाटलीत नेमके कोणते झाड आहे, हे तेवढ्यावरून कळते.